सोळाव्या वर्षानंतरचा न आखलेला रकाना : सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

मा. प्रधान सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई यांस,

विषय : प्रौढ व्यक्तींना टीडी (धनुर्वात व घटसर्प) लशीचे डोस मिळणे आणि त्यांची लेखी नोंद राहणे याबाबत

महोदय,

आरोग्यसेविका आणि नंतर आरोग्य सहायिका म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. या काळात धनुर्वाताच्या किती लशी माझ्या हातून टोचल्या गेल्या याची मोजदाद मी ठेवली नाही, पण त्या कोणाला टोचल्या गेल्या हे मला नक्की सांगता येते. दीड महिन्याच्या बाळापासून सोळा वर्षांच्या मुलामुलींपर्यंत, आणि त्यापुढे केवळ गरोदर मातांना. माझ्या लसीकरणाच्या नोंदवहीत चाळीस वर्षांच्या पुरुषासाठी रकाना नव्हता, साठ वर्षांच्या बाईसाठीही नव्हता, आणि राष्ट्रीय वेळापत्रकात तो आजही नाही. हे पत्र त्या न आखलेल्या रकान्याविषयी आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या थोरल्या दिरांना धनुर्वात झाला. वय एकसष्ट, आयुष्य शेतीत गेलेले. बांधावरची बाभूळ तोडताना पायात काटा मोडला, तो त्यांनी घरीच सुईने काढला, वर हळद-चुना दाबला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते नेहमीप्रमाणे गोठ्यातले शेण काढायला गेले. जखम म्हणावी असे तिथे काही दिसतच नव्हते. नवव्या दिवशी भाकरीचा घास चावेना, तेव्हा दाढ दुखत असेल असे सगळ्यांना वाटले. संध्याकाळी मान ताठली, आणि मी जाऊन पोहोचले तोवर दातखीळ बसली होती. पुढचे पाच आठवडे ते अतिदक्षता विभागात होते, त्यांतले बरेचसे दिवस कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर. खोलीत अंधार ठेवावा लागे, कारण दार आपटले किंवा कुणी दिवा लावला तरी अंगाला झटका येई आणि पाठ कमानीसारखी उचलली जाई. आपल्या वैद्यांनी या रोगाच्या नावात धनुष्य का घातले, हे एकतीस वर्षे हा शब्द लिहूनही मला त्या खोलीच्या दारात उभे राहिल्यावरच कळले.

शेवटची धनुर्वाताची लस कधी घेतली होती, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा दिरांना बोलता येत नव्हते. जाऊबाई म्हणाल्या, "बैलानं शिंग मारलं तेव्हा घेतलं होतं एक. धाकटा तेव्हा पाळण्यात होता." तो धाकटा आता सव्वीस वर्षांचा आहे. गावातल्या दोन पिढ्यांना टोचणाऱ्या बाईने स्वतःच्या घरातल्या माणसाला हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता, आणि या पत्रात दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवण्याआधी ते मला कबूल केले पाहिजे.

दीर वाचले. घरी सोडताना डॉक्टरांनी त्यांच्या दंडात टीडीचा डोस दिला, तेव्हा पुतण्याने विचारले की आता रोग होऊन गेल्यावर लस कशाला. हा प्रश्न खेड्यात कुणीही विचारेल, कारण गोवर एकदा झाला की पुन्हा होत नाही हे सगळ्यांना माहीत असते. धनुर्वाताचे तसे नाही. या जंतूचे विष इतके जहाल असते की माणसाला मरणाच्या दारात नेण्याइतकी मात्रासुद्धा शरीराची प्रतिकारशक्ती जागी करायला पुरत नाही, त्यामुळे रोगातून उठलेला माणूस आधी होता तितकाच उघडा राहतो. शिवाय हा रोग माणसाकडून माणसाला होत नाही, तो मातीतून येतो, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी लस घेतली तर आपणही आडोशाला राहू, हा गोवर-पोलिओचा हिशेब इथे लागू पडत नाही. ज्याच्या अंगात लशीची ताकद आहे तोच या रोगापासून वाचतो, आणि ती ताकद वर्षांगणिक ओसरत जाते.

चार आठवड्यांनी दुसरा डोस घ्यायला दीर एका उपकेंद्रात गेले. तिथल्या मुलीने अत्यंत नम्रपणे सांगितले की ही लस गरोदर बायकांची आणि शाळेतल्या मुलांची आहे, आणि एकट्या माणसासाठी व्हायल, म्हणजे लशीची अनेक डोसांची कुपी, फोडता येत नाही. मी तिच्यावर रागावले नाही. हेच वाक्य मी स्वतः कितीतरी पुरुषांना ऐकवले आहे. अखेर तो डोस तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात घेतला आणि तिथे कागदावर काहीही लिहून मिळाले नाही.

महोदय, माझे म्हणणे एवढेच आहे की प्रौढ माणसाचे धनुर्वातापासूनचे संरक्षण आज जखमेला बांधलेले आहे, ते तारखेला आणि नोंदीला बांधले गेले पाहिजे.

जखम झाली की "टीटी मारून घे" ही सांगी आपल्याकडे इतकी रुजली आहे की लशीचे नाव बदलून टीडी झाले, तिच्यात घटसर्पाचा घटक आला, तरी बोलण्यात टीटीच राहिली. या सवयीने पुष्कळ जीव वाचवले असतील हे मी नाकारत नाही. परंतु तिच्यामुळे लोकांची अशी समजूत झाली आहे की हे जखमेवरचे औषध आहे, ते चोवीस तासांत घेतले की काम झाले आणि चोवीस तास उलटले की घेऊन उपयोग नाही. या दोन्ही गोष्टी चूक आहेत. ज्याने आधी पुरेसे डोस घेतलेले आहेत त्याच्या शरीराला जखमेनंतरचा डोस केवळ जुनी ओळख आठवून देतो, आणि ते काम काही दिवसांत होते, म्हणून उशीर झाला तरी तो घेतलाच पाहिजे. ज्याने पूर्वी कधीच लस घेतलेली नाही त्याला मात्र त्या एका डोसाने वेळेत संरक्षण मिळत नाही, कारण पहिली ओळख व्हायलाच आठवडे जातात आणि रोग साधारणपणे तीन ते एकवीस दिवसांत उभा राहतो. अशा माणसाची जखम मातकट, शेणकट किंवा खोल असेल तर त्याला लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे २५० युनिटचे इंजेक्शन, दुसऱ्या जागी द्यावे लागते. माझ्या सेवेच्या काळात ज्या केंद्रांत मी काम केले तिथल्या शीतकपाटात ते औषध मी कधी पाहिले नाही. आणि माझ्या दिरांसारखा माणूस तर काट्यासाठी दवाखान्यात जातच नाही. जी जखम जखम वाटत नाही तिच्यातून येणाऱ्या रोगाला जखमेनंतरची लस कशी अडवणार?

गंजलेल्या खिळ्याची दहशतही इथेच बाजूला ठेवते. गंजाने धनुर्वात होत नाही. या जंतूचे बीजाणू मातीत, धुळीत आणि गुराढोरांच्या शेणात वर्षानुवर्षे पडून राहतात, नुसत्या उकळीने ते मरतील याची खात्री नसते, आणि हवा न पोहोचणाऱ्या खोल, चिमुकल्या जखमेत ते जागे होतात. लखलखीत नव्या कोयत्याने आणि कुंपणाच्या काट्यानेही तेच होते. माती किती थोडी पुरते याचा धडा आपल्या मुंबईलाच मिळालेला आहे. १९०२ साली पंजाबातल्या मुलकोवाल गावी प्लेगची लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. त्या सगळ्यांना परळच्या प्रयोगशाळेतून गेलेल्या एकाच बाटलीतली लस दिली होती. दोष ही लस तयार करणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या माथी आला, त्यांना पदावरून दूर केले गेले, आणि बाटली उघडताना जमिनीवर पडलेला चिमटा पुरेसा निर्जंतुक न करता वापरला गेला होता ही गोष्ट पुढे येऊन त्यांच्यावरचा ठपका पुसला जायला १९०७ साल उजाडले. ती प्रयोगशाळा आज हाफकिन यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या काळी धनुर्वाताची लस नव्हती, ती १९२० च्या दशकात आली. आज ती आहे, आणि पुण्यात १९६६ मध्ये सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवातच घोड्यांच्या रक्तापासून बनवलेल्या धनुर्वातविरोधी रक्तरसाने झाली, इतका हा विषय आपल्या घरचा आहे.

प्रौढांना ही लस नेमकी केव्हा लागते, याचे उत्तर अवघड नाही, फक्त ते आपल्या उपकेंद्राच्या भिंतीवर कुठे लिहिलेले नाही. ज्याला आयुष्यात कधी लस मिळालेली नाही, किंवा मिळाली की नाही हे ठाऊक नाही, त्याने तीन डोस घ्यावेत : पहिला आज, दुसरा किमान चार आठवड्यांनी आणि तिसरा त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी. त्यापुढे दर दहा वर्षांनी एक बूस्टर, हा नियम अमेरिकेसह अनेक देशांत पाळला जातो आणि आपल्याकडचे डॉक्टरही बहुधा तोच सांगतात. यात मतभेद आहेत हे मला माहीत आहे. बालपणापासून पौगंडावस्थेपर्यंत सहा डोस वेळेवर झाले असतील तर प्रौढपणातही संरक्षण टिकते, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे, आणि ब्रिटनमध्ये पाच डोस पूर्ण झालेल्यांना सरसकट दर दहा वर्षांनी बोलावले जात नाही. परंतु हा वाद ज्यांच्याकडे पाच-सहा डोसांची नोंद आहे त्यांच्यापुरता आहे. आपल्या गावातल्या पन्नाशीच्या माणसाकडे एका डोसाचीही नोंद नाही, तेव्हा त्याच्या बाबतीत दहा वर्षांचा नियम धरणे हेच मला शहाणपणाचे वाटते.

जखम झाल्यावरचा हिशेबही तितकाच सरळ आहे. पूर्वीचे तीन डोस झालेले असतील, जखम स्वच्छ आणि किरकोळ असेल, तर शेवटच्या डोसाला दहा वर्षे झाली असतील तरच नवा डोस लागतो. जखम माती-शेणाने भरलेली, खोल, चेंगरलेली किंवा भाजल्याची असेल, तर हीच मुदत पाच वर्षांवर येते. आपल्याकडे मात्र "सहा महिने झाले का?" असे विचारले जाते आणि झाले असतील तर टोचले जाते. सहा महिन्यांचा हा आकडा कुठून आला याचा शोध मी पुष्कळ घेतला, मला त्याचे मूळ सापडले नाही. वारंवार टोचल्याने दंड कोपरापर्यंत सुजून दुखणारी प्रतिक्रिया येऊ शकते आणि मग तो माणूस लशीलाच घाबरतो. कारखान्यात काम करणाऱ्या एका पोराला चार वर्षांत सात वेळा लस दिलेली मी ऐकली आहे, आणि त्याच्याच वडिलांना आयुष्यात एकदाही नाही. एकाच घरात गरजेपेक्षा जास्त आणि गरज असून शून्य, असा हा हिशेब केवळ नोंद नसल्यामुळे होतो.

या हिशेबात सर्वांत मागे कोण राहिले आहे, तेही उघड आहे. सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्यांपैकी खेड्यापाड्यातल्या पुष्कळांना लहानपणी त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) लशीचे पुरते डोस मिळाले नाहीत. त्यांतल्या बायकांना निदान बाळंतपणाच्या निमित्ताने दोन-दोन डोस मिळत गेले. पुरुषांना ते निमित्तही नव्हते. आणि बायकांच्या बाबतीतही आपण फार समाधान मानू नये, कारण पहिल्या दोन डोसांचे संरक्षण साधारण तीन वर्षे धरले जाते, तिसऱ्याचे पाच आणि चौथ्याचे दहा. पंचविसाव्या वर्षी शेवटचे बाळंतपण होऊन कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली बाई पंचावन्नाव्या वर्षी भाताच्या खाचरात अनवाणी उभी असते, तेव्हा तिच्या दंडातली ती जुनी टोचणी तिला किती साथ देणार?

आपल्या विभागाने काय करून दाखवले आहे हे मी विसरलेले नाही. मी नोकरीला लागले तेव्हा नवजात बालकाचा धनुर्वात गावाला ओळखीचा होता. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने कापलेली नाळ, तिच्यावर लावलेले शेण किंवा राख, आणि आठव्या दिवशी दूध ओढायचे थांबलेले बाळ. त्याला आमच्याकडे आठव्याचा रोग म्हणत, आणि देवीचा कोप समजून कुणी दवाखान्यात आणत नसत. १९८८ साली जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार बालके या एका कारणाने गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. गरोदर मातेला दोन डोस, आणि स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा, स्वच्छ नाळ ही पाच स्वच्छतांची उजळणी, एवढ्या साधनांवर आशाताई, दाई आणि सेविका यांनी हा रोग मागे रेटला आणि २०१५ मध्ये भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले. पण दूरीकरण म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, एवढाच त्याचा अर्थ. माती तीच राहिली, बीजाणू तेच राहिले. बाळांना आपण वाचवले आणि आज हा रोग ज्याला गाठतो तो त्या बाळांचा आजोबा असतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया यांनी या रुग्णांच्या अतिदक्षता उपचारांत जे काम केले त्यामुळे आज माणसे वाचतात हे खरे, पण उत्तम उपचार मिळूनही दहातले एक-दोन जण दगावतात, आणि वाचणाऱ्याचे कुटुंब कर्जात जाते. आमचे गेले.

आता व्हायलीविषयी, कारण नकार नेहमी तिच्या नावाने दिला जातो. टीडीची व्हायल दहा डोसांची असते. ती एका माणसासाठी फोडली तर नऊ डोस वाया जातील, ही भीती जुन्या नियमाची आहे. खुल्या व्हायलीच्या धोरणात टीडीचा समावेश आहे : उघडल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असेल, लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राहिली असेल, गोठली नसेल आणि व्हायलीवरच्या, लशीला उष्णता लागली का हे दाखवणाऱ्या निर्देशकाचा रंग योग्य असेल, तर तीच व्हायल २८ दिवसांपर्यंत वापरता येते. म्हणजे लसीकरण सत्राच्या दिवशी एखाद्या गरोदर मातेसाठी उघडलेल्या व्हायलीतून त्याच दिवशी तिच्या सासऱ्यालाही लस देता येईल. अडचण लशीची नाही. त्या सासऱ्याला दिलेला डोस कुठे लिहायचा हे सेविकेला माहीत नसते, आणि मासिक अहवालात न बसणारा डोस म्हणजे तिच्यासाठी जाब देण्याची वेळ. ही भीती मी अनुभवली आहे.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की प्रौढांना दिलेल्या टीडीसाठी नोंदवहीत आणि मासिक अहवालात स्वतंत्र रकाना द्यावा, आणि १९८५ पूर्वी जन्मलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला उपकेंद्राच्या नियमित सत्रात मागेल तेव्हा हा डोस मिळेल असे परिपत्रक काढावे. गावभर मोहीम काढा असे मी म्हणत नाही. मोहिमा आल्या की सत्रे विस्कळीत होतात हे आम्ही सोसले आहे. रकाना आखला की काम आपोआप सुरू होते, हा सरकारी नोकरीतला माझा साधा अनुभव आहे.

सुरुवात कुठून करावी असे विचारले तर माझ्या मते ऊसतोड कामगारांपासून. गाळपाच्या हंगामात ही माणसे साखर कारखान्यांच्या परिसरात एकत्र राहतात, कोयता, पाचट, चिखल आणि बैल यांच्यातच त्यांचा दिवस जातो, आणि हंगाम पाच-सहा महिन्यांचा असल्याने पहिला आणि दुसरा डोस एकाच मुक्कामात पूर्ण होतो. तिसऱ्यासाठी त्यांच्या हातात कागद असला की तो बीडला घ्यावा की सांगलीत, याने फरक पडत नाही. दुसरे, मधुमेहाचे रुग्ण. पायाची जखम महिनोन्‌महिने न भरणाऱ्या या माणसांना असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीसाठी आपण दर महिन्याला बोलावतोच, त्याच दिवशी टीडीचा प्रश्न विचारला जावा. नगरपालिकांचे सफाई कामगार आणि आषाढीच्या पालखी मार्गावर आरोग्य पथकांकडे पायांचे फोड घेऊन येणारे वारकरी यांचाही विचार व्हावा, मात्र वारीत दिलेल्या डोसाची चिठ्ठी हातात दिली तरच, नाही तर ती आणखी एक हरवलेली टोचणी ठरेल.

दुसरी विनंती नोंदीची. कोविडच्या काळात गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी लशीचे प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये घालून जपलेले मी पाहिले आहे, तेव्हा लोक कागद सांभाळत नाहीत ही सबब मला मान्य नाही. माता व बाल संरक्षण कार्डासारखे एक साधे प्रौढ लसीकरण कार्ड, किंवा आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य ओळख क्रमांकाशी जोडलेली नोंद, यांपैकी जे लवकर होईल ते करावे. खासगी दवाखान्यांनाही डोसाची तारीख लेखी देणे बंधनकारक असावे. तिसरी आणि शेवटची विनंती अशी की जखमेनंतरचा पाच आणि दहा वर्षांचा नियम मराठीत, मोठ्या अक्षरांत, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ड्रेसिंगच्या खोलीत लावावा, आणि किमान ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर इम्युनोग्लोब्युलिन सतत उपलब्ध राहील असे पाहावे.

माझ्या दिरांचा तिसरा डोस येत्या मे महिन्यात आहे. त्यांच्याकडे कार्ड नाही, म्हणून पहिल्या दोन तारखा मी पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवल्या आहेत. तिसरा डोस त्यांना गावच्या उपकेंद्रात मिळावा आणि तो तिथल्या नोंदवहीत चढावा, इतपत व्यवस्था तोवर व्हावी, ही नम्र विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सहायिका